धुरपदाबाईंचं उपोषण

धुरपदाबाईंचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा. मळ्यातून त्यांनी गड्याला हाक मारली की ओढ्यापलीकडची माणसंसुद्धा, आपलं काही चुकलं की काय म्हणून, मागं वळून बघायची. नवरा होता तोवर त्या बिचाऱ्यानं निम्मं आयुष्य शेतात आणि निम्मं देवळाच्या पारावर काढलं. तो गेल्यावर मुलगा इंद्रजित आणि सून सोनाली यांच्या वाट्याला तो आवाज आला. बाई मनानं वाईट नव्हत्या हो. दारी आलेल्याला त्यांनी कधी उपाशी पाठवलं नाही. पण वाढता वाढता त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार करायच्या की समोरच्याला घास गिळणं अवघड व्हायचं.

दिवाळीच्या सुमारास कांद्याच्या रोपावरून चुलत जावेशी भांडता भांडता त्यांना भोवळ आली. धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "आजी, राग जरा कमी करा."

"राग काय मीठ हाय व्हय, कमी घालायला?" धुरपदाबाई डॉक्टरांवरच घसरल्या.

तेव्हा इंद्रजितला प्रेमाबाईंची आठवण झाली. प्रेमाबाई गावातल्या बौद्ध वस्तीतल्या. जन्मभर अंगणवाडी चालवून आता निवृत्त झालेल्या. इंद्रजित त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेला. त्या संध्याकाळी विहारात वंदना घेत, मुलांना गोळा करून बसवत आणि वर्षातून एकदा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन येत.

"बाई, आमच्या मायला एकदा न्या की तिकडं," इंद्रजित त्यांना म्हणाला. "धा दिस कुनाशीच बोलायचं न्हाय म्हनत्यात तिथं."

हे ऐकून सोनालीला एवढा आनंद झाला की तो लपवायला ती पदर तोंडाला लावून चुलीकडं निघून गेली.

धुरपदाबाई सहजासहजी तयार होणाऱ्यातल्या नव्हत्या. "देव न्हाय, आरती न्हाय, परसाद न्हाय. मंग तितं जाऊन करायचं काय?"

"श्वास बघायचा, आक्का," प्रेमाबाई म्हणाल्या.

"त्यो बघायला एवढ्या लांब जायचं?"

"तुम्हाला जमायचं न्हाय म्हना."

झालं. जमायचं नाही म्हटल्यावर धुरपदाबाई दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार.

शिबिरात पहिल्या संध्याकाळी पंचशील दिलं. पुढचे म्हणतील तसं त्या पालीत म्हणत गेल्या आणि मग मराठीत अर्थ ऐकला. जीव मारायचा नाही, दिलेलं नसेल ते घ्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही, असं करत पाच. आपल्याला ह्यात नवीन काय, आपण काय चोऱ्या करतो का, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पहिले काही दिवस त्या आतून नुसत्या खदखदत होत्या. शेजारी बसलेल्या बाईच्या घोरण्यावर बोलायचं होतं, डाळीच्या पातळपणावर बोलायचं होतं, आणि बोलायची सोय नव्हती. मग एका दुपारी डोळे मिटून बसल्या असताना त्यांनी आपला राग पहिल्यांदा नीट बघितला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, छातीत आवळल्यासारखं झालं, जीभ टाळूला जाऊन तयार बसली. त्यांनी काही केलं नाही, नुसतं बघितलं. आणि तो आपला आपणच निघून गेला. धुरपदाबाई चाट पडल्या. ज्याला त्या जन्मभर घरधनी समजत आल्या, तो पाहुणा निघाला होता.

घरी आल्या त्या गप्पच. सोनालीच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं, तर बाईंनी मुकाट खाल्ली आणि वर पाणी प्यायल्या. सोनालीला रडू यायचं बाकी राहिलं. इंद्रजितनं प्रेमाबाईंना फोन लावला. "बाई, मायला काय झालं तिथं? चार दिस झाले, वराडली न्हाय."

शिबिरात सांगितलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ बसत जा. घरात बसायची सोय कुठं? मिक्सर, टीव्ही, वासराचं हंबरणं, आणि देवळावरचा कर्णा. म्हणून त्या सकाळची भाकरी खाऊन तलावाकडं जाऊ लागल्या. बांधावर एका बाभळीला बरी सावली होती. तिथं पोतं टाकायचं, पाण्याकडं तोंड करायचं आणि डोळे मिटायचे.

हा पाझर तलाव गावाच्या वरच्या अंगाला. ह्याचं पाणी जमिनीतून झिरपत खालच्या विहिरींना जायचं आणि तसंच पुढं बौद्ध वस्तीतल्या हापशाला. तलाव सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. आणि सगळ्यांचा म्हणजे ज्याची मोटार टाकलेली, त्याचा. होळी झाली की काठावर दहा-बारा मोटारी गुरगुरायला लागायच्या. पाणी आत सरकेल तसे पाईप आत सरकायचे. पिण्यापुरतं पाणी राखा म्हणून दरवर्षी दवंडी व्हायची आणि दवंडी देणाऱ्याचा पाईपही तिथंच असायचा. चैत्र संपेतो तलावात चिखल आणि वस्तीत टँकर, हे इतकं दरसालचं झालं होतं की त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

ह्या सगळ्यात मोठी मोटार धुरपदाबाईंच्या घरची होती. इंद्रजितनं यंदा तीन एकर ऊस लावला होता. पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या कंपनीतलं काम सोडून तो गावी आला, तोही आईनं फोनवर एवढा आरडाओरडा केला म्हणून. ऊस हे त्याचं पहिलं मोठं धाडस. लेकरागत जपत होता तो त्याला. "ह्यो ऊस लागला तर म्या हितंच," तो सोनालीला म्हणायचा. "वाळला तर बोचकं बांधायचं आनि पुन्याला." धुरपदाबाईंनी हे दाराआडून ऐकलं होतं.

दूध गोळा करणारा बजरंग रोज सकाळी बांधावरून जायचा. एके दिवशी त्याला धुरपदाबाई दिसल्या. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, आणि समोर पाण्यात मोटारींची रांग. हल्ली आपल्याकडं माणूस सतरंजी टाकून गप बसला की तो उपोषणालाच बसलेला असतो. त्यात धुरपदाबाई गप! कारण तेवढंच मोठं असल्याशिवाय ती बाई गप बसेल का? बजरंगनं फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'तलाव वाचवण्यासाठी धुरपदाबाईंचं बेमुदत उपोषण. सर्वांनी पाठिंबा द्यावा.'

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंनी तासाभराचं ध्यान संपवून डोळे उघडले, तर समोर पन्नासेक माणसं. कळशा घेतलेल्या बाया, शाळेला दांडी मारलेली पोरं, आणि काठीला टेकून उभा असलेला बिरू मेंढपाळ. बिरूची बायको अयोध्या पुढं आली आणि तिनं पायावर डोकं ठेवलं.

"माय, तुमी बसलाव, लई बरं झालं. दरसाली आमची मेंढरं चिखलात मरत्यात. कुनीच बसंना आमच्यासाठी."

आता इथं खरं सांगून मोकळं व्हायचं. पण कुणीतरी गळ्यात झेंडूचा हार घातला. एक म्हातारी म्हणाली, वाघीण हाय वाघीण. धुरपदाबाईंना गाव आजवर भीत आलं होतं, टाळत आलं होतं, पण पायावर डोकं कुणी ठेवलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. लोकांना वाटलं, मौन आहे.

त्या दिवशी त्यांना खरोखरीचं उपोषण घडलं. बाया भोवती बसून ओव्या म्हणायला लागल्या, त्यामुळं दुपारी जेवायला उठता येईना. अयोध्यानं लिंबूपाणी दिलं तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत काढलं. दिवस कलल्यावर त्या पोतं झटकून उठल्या तशी थोडी कुजबुज झाली. मग बजरंगच म्हणाला, "साखळी उपोषण असंल." सगळ्यांना ते पटलं आणि धुरपदाबाईंची रात्रीच्या जेवणाची सोय झाली.

घराकडं जाताना प्रेमाबाई त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या. सकाळपासून त्या गर्दीच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या.

"आक्का, तुम्ही उपोषनाला बसला होता का ध्यानाला?"

"म्या कुटं कुनाला काय म्हनले?" धुरपदाबाईंनी हार काढून पिशवीत टाकला. "लोकांनी ठरवलं."

"गप बसूनबी खोटं बोलता येतंय."

"तू मला शिकवू नगंस, प्रेमा."

"मी शिकवत न्हाय. तिथं पयल्या दिवशी माझ्या शेजारी बसून तुम्हीच म्हनला. खोटं बोलनार न्हाय म्हनला, दिलेलं नसंल ते घेनार न्हाय म्हनला." प्रेमाबाईंनी मागं तलावाकडं हात केला. "डोळे मिटून तुम्ही ज्या मोटारीचा आवाज ऐकत बसता न्हवं, ती चालू झाली की म्हैन्याभरात आमचा हापसा कोरडा पडतो. दरसाली. मला वाटलं तुम्हाला ठावं असंल."

त्या वळून आपल्या वाटेनं गेल्या. धुरपदाबाईंचे कान तापले. एवढं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि तेही हिच्याकडून, जी आपल्याला श्वास बघायला घेऊन गेली.

घरी इंद्रजित ओसरीवर वाट बघत बसला होता. "माय, काय चाललंय हे? फोटो बघितलास का? तुझ्या डोक्याच्या मागं आपलीच मोटार दिसतीया. आन्नासाहेबांनी भर चौकात इच्यारलं मला, तुझ्या आईनं उपोषन धरलंय ते तुझ्याच इरोधात का?"

आण्णासाहेब म्हणजे माजी सरपंच. मोटारींच्या रांगेत दुसरा नंबर त्यांचा.

"मंग तू काय म्हनलास?"

"काय म्हननार? उद्यापसनं घरात बस. चार दिसांत लोक इसरत्यात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माय, मोटार काढली तर ऊस वाळंल. ऊस वाळला तर म्या हितं ऱ्हानार न्हाय. तुला हे एकदा सांगून ठेवतो."

धुरपदाबाई गोठ्यात जाऊन बसल्या. डोळे मिटले, पण श्वास काही हाती लागेना. राग होता, प्रेमाबाईंचा होता, आण्णासाहेबाचा होता, बजरंगाचा तर फारच होता. त्या बघत राहिल्या. हळूहळू राग बाजूला झाला आणि त्याच्या खाली काय होतं ते दिसलं. भीती होती. घर रिकामं होईल ही भीती. इंद्रजित, सोनाली जातील, दोन्ही वेळची चूल आपल्या एकटीसाठी पेटवावी लागेल. ह्याच भीतीपायी त्यांनी फोनवर ओरडून पोराला पुण्याहून आणलं होतं, आणि ह्याच भीतीपायी मोटार कुणाचं पाणी ओढतेय हे कधी विचारलं नव्हतं. ठाऊक होतं. वस्तीवर टँकर येतो हे त्यांना दरसाल ठाऊक होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

दुसऱ्या सकाळी गर्दी दुप्पट झाली होती. आण्णासाहेबही मोटारसायकल लावून गंमत बघायला उभे. इंद्रजित लांब, गर्दीच्या मागं. धुरपदाबाई बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "म्या उपोषनाला बसले न्हाय. बसले नव्हते. म्या श्वास बघायला बसते. घरी गलका आस्तो म्हनून हितं येते. काल येतावक्ती दोन भाकरी आन् पिठलं खाल्लं हुतं. तुमी हार घातलाव, मला बरं वाटलं, म्हनून गप बसले. ही माजी चूक."

कुणी हसलं, कुणी बजरंगाकडं बघितलं. बजरंग दुधाच्या कॅनमध्ये वाकून काहीतरी शोधायला लागला.

"दुसरं," बाई म्हणाल्या. "ती मदली मोठी मोटार आमची हाय. तुमच्या सगळ्यांच्या आदी पानी आमी ओडलंय. तवा मला हार घालू नगा."

"मग काढा की पहिली तुमची!" आण्णासाहेब हसत म्हणाले. "काय इंद्रजित?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. इंद्रजितनं आईकडं एकदा बघितलं आणि तो तरातरा निघून गेला. लोक पांगले. अयोध्या जाता जाता काही बोलली नाही, आणि ते धुरपदाबाईंना आण्णासाहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी दोघांचं एकदाच बोलणं झालं. जेवताना इंद्रजित ताटाकडं बघत म्हणाला, "मंग सांग आता. काड मोटार म्हन. न्हायतरी तू म्हनशील तसंच झालंय आजवर."

ह्या वाक्यावर पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. धुरपदाबाईंनी घास खाली ठेवला. "न्हाय म्हननार," त्या म्हणाल्या. "ऊस तुजा हाय. मला काय वाटतं ते म्या गावासमोर बोलले. तुला ज्ये करायचं ते कर. पुन्याला जायचं म्हनलास तर भाकरी बांधून दीन. आडवी पडनार न्हाय."

इंद्रजितनं वर बघितलं. आई ओरडेल, मग आपण ओरडू, मग काहीतरी ठरेल, अशी त्याची तयारी होती. हिनं सगळं त्याच्याच हातात देऊन टाकल्यावर त्याला काय करावं ते समजेना. तो न जेवताच उठला.

पुढचे कितीतरी दिवस बांधावर फक्त धुरपदाबाई, आणि मनात आलं तर प्रेमाबाई. दोघी शेजारी शेजारी बसत, तास झाला की उठत. मोटारी चालू होत्या. पाणी सरकत होतं. काहीच घडत नव्हतं, आणि धुरपदाबाईंना ते सहन करणं जड जात होतं. "नुसतं बसून काय उपेग?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर प्रेमाबाई म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते काय कमी हाय का? आता त्याला उगवायला वेळ द्या."

एका सकाळी इंद्रजित आला. चारा कापणीचं काही विचारायचं होतं. आईचे डोळे मिटलेले. पूर्वी त्यानं खांदा हलवून उठवलं असतं, पण प्रेमाबाईंनी हातानंच थांब म्हणून खुणावलं, आणि बाईंसमोर तो अजूनही अंगणवाडीतलाच होता. खाली बसला. करायला काहीच नव्हतं म्हणून तलावाकडं बघत राहिला. रोज तो इथं यायचा तो मोटारीची पेटी उघडायला. पाणी किती मागं गेलंय हे असं सलग बसून त्यानं बघितलं नव्हतं. काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेली काळी माती, तिच्यावर चार बगळे, आणि मधून त्याच्याच मोटारीकडं पाणी न्यायला मागच्या आठवड्यात मशीन लावून खणलेला चर.

बिरूची मेंढरं पाण्यावर आली. पुढची एक मेंढी चराच्या कडेला गेली आणि गाळात पोटापर्यंत रुतली. ओरडायला लागली. बिरू धोतर खोचून धावला, तोही गुडघ्यापर्यंत आत गेला. इंद्रजित उठला, चप्पल टाकली आणि चिखलात शिरला. दोघं ओढताहेत, मेंढी आणखीच आत जातेय.

धुरपदाबाई डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. बघायचं, नुसतं बघायचं, असं स्वतःला बजावत होत्या. शेवटी ध्यान गेलं उडत. त्यांनी डोळे उघडले आणि बगळे उडाले इतक्या मोठ्यानं ओरडल्या, "आरं शेपटाकडून वडू नगा! पोटाखाली हात घाल, इंद्रा! पोटाखाली!"

त्यानं पोटाखाली हात घातला. मेंढी निघाली, धडपडत काठावर जाऊन थरथरत उभी राहिली. दोघं माणसं चिखलानं माखून कडेला बसली.

"दरसाली दोन-चार जात्यात, पाटील," बिरू म्हणाला. "आवंदा वाचली."

"मग बोलला न्हाईस कधी? चर म्या खनलाय."

"कुनाला बोलू? पानी काय माज्या बापाचं हाय?"

इंद्रजितनं हातावरचा गाळ पुसला. मोटार आपली गुरगुरत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. "माझ्या तरी बापाचं कुटं हाय," तो म्हणाला, बिरूला नव्हे, असंच. मग उठला, काठावरच्या पेटीपाशी गेला आणि बटण बंद केलं. शेतीपंपांची लाईट अजून दुपारपर्यंत होती.

त्याच दिवशी चार माणसं लावून त्यानं मोटार आणि पाईप बाहेर काढले. धुरपदाबाई बांधावर उभ्या होत्या. संध्याकाळी इंद्रजित उसात एकटाच फिरून आला. विहिरीवर एक-सव्वा एकर निघेल असा त्याचा अंदाज होता. बाकीचा कोवळा ऊस त्यानं स्वतः कापला, चाऱ्याला. त्यातला काही आपल्या गुरांना, काही बिरूच्या मेंढरांना. बिरूनं त्याच्या बदल्यात लेंड्यांचं खत पडावं म्हणून मेंढरं रात्रीची त्या रिकाम्या रानात बसवली. मेंढरं बसलेल्या रानात पुढं ज्वारी कशी येते हे इंद्रजितला ठाऊक होतं. बोचक्याची गोष्ट त्यानं परत काढली नाही. सोनालीनं एकदा विचारलं तर म्हणाला, "हितं कामं पडल्यात. बघू."

मधली मोठी मोटार गेल्यावर रांगेत खिंडार पडलं. मग बजरंगच्या भावानं आपली काढली, बहुतेक बजरंगानं मागं लागून. मग आणखी दोघांनी. काहींनी काढली नाही पण एक दिवसाआड चालवायचं कबूल केलं. आण्णासाहेबांची शेवटपर्यंत होती. पण आजूबाजूचे पाईप गेल्यावर त्यांचा एकट्याचा पाईप बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरायचा, आणि त्यांना मोटारसायकल जरा जोरात पळवावी लागायची. एका बाजाराच्या दिवशी, सगळे तेरला गेलेले बघून, त्यांनी ती गपचूप हलवली. पुढच्या वर्षी परत टाकणार नाहीत असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं, पण यंदा तलावात पाणी होतं.

वैशाखी पौर्णिमेला, बुद्ध जयंतीला, प्रेमाबाईंनी धुरपदाबाईंना विहारात बोलावलं. पंचशील झालं, खीर झाली. नंतर दोघी प्रेमाबाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या. समोर हापशावर बाया पाणी भरत होत्या. दांडा खाली गेला की धार बदाबद पडायची. मागल्या वर्षी ह्या दिवशी इथं टँकरपाशी घागरी आपटत होत्या.

धुरपदाबाईंचं मन भरून आलं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. कुणीतरी आता चार शब्द चांगले बोलेल, असं त्यांना वाटत होतं. 'मी काय केलं, इंद्रजितनं केलं,' असं उत्तरही त्यांनी मनात तयार ठेवलं होतं. पण बाया पाणी भरायच्या, हसून नमस्कार करायच्या आणि निघून जायच्या.

"आवंदा हापसा आटला न्हाय म्हन की," धुरपदाबाईंनी विषय काढला.

"न्हाय आटला."

"मंग, लोक काय म्हनत्यात?"

"काय म्हननार? पानी भरत्यात."

धुरपदाबाईंनी थोडी वाट बघितली. मग राहवेना. "आमी आपला ऊस कापला, पर वस्तीला पानी दिलं. लोकांनी ध्येनात ठिवलं तरी बास."

प्रेमाबाईंनी तांब्या-पेला आणून मधे ठेवला. शांतपणे म्हणाल्या, "आक्का, तुम्ही दिलं न्हाय. ते इकडंच येनारं पानी. तुम्ही घ्यायचं थांबवलं."

धुरपदाबाईंचे कान तापले. छाती आवळली. जीभ टाळूला गेली. पोराचा उभा ऊस गेला, आणि ही बाई एवढंसुद्धा मानायला तयार नाही! त्या तशाच बसून राहिल्या. बघत राहिल्या. पण हा राग लवकर जाईना, कारण तो लागलाच होता वर्मी. जन्मभर ज्याला आपण आपलं म्हणालो त्यातलं किती असं नुसतंच घेतलेलं होतं, ते त्या मोजू लागल्या असत्या तर संध्याकाळ झाली असती.

"व्हय गं," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं हाय."

प्रेमाबाईंनी पेला भरला आणि धुरपदाबाईंपुढं सरकवला. ह्या ओट्यावर धुरपदाबाई आयुष्यात कितीदा टेकल्या असतील. पाणी विचारलं की 'आत्ताच पिऊन आले' हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते का हे दोघींनाही माहीत. शिबिरात दहा दिवस एका पंगतीला जेवून आल्यावरही गावात ते तसंच चालू राहिलं होतं. प्रेमाबाईंनी तरीही दर वेळी पाणी विचारलं होतं.

धुरपदाबाईंनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पाणी गार होतं, जरा मचूळ. त्यांच्या घरच्या विहिरीला हीच चव होती.

"आनखी दे," त्या म्हणाल्या, आणि पेला पुढं केला.